लॅपटॉपचं कपाळ

आयुधपूजेच्या सकाळी दावणगेरेच्या रुद्रमुनींनी घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांना गंध-कुंकू लावलं. प्रत्येक यंत्राला कपाळ असतं, असं त्यांचं ठाम मत होतं. लॅपटॉपचं कपाळ तर शोधावंही लागलं नाही. वरच्या पट्टीवर मधोमध इवलंसं गोल भिंग होतं, तिथे त्यांनी मायेने बोट टेकवलं.

त्यांच्या लेकीची, विशालाक्षीची त्याच दुपारी मुलाखत होती. कंपनी जर्मनीची, तिला दसऱ्याचं काय! दोन वर्षं नोकरीविना काढलेल्या विशालाक्षीने लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर तिच्या जागी नुसता लाल-पिवळा चिखल.

"अप्पा, तो वेबकॅम आहे. त्यातून मी त्यांना दिसते."

"मग बिघडलं काय? फोटोवाल्या मंजण्णाच्या कॅमेऱ्याचीही आज पूजा असते."

"तो भिंगाला नाही फासत."

रुद्रमुनी चिडले. पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचंसुद्धा नसतं. वापरू देतोय हेच पुष्कळ, कुंकू मात्र पुसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. त्यांची पाठ फिरताच तिने ओल्या रुमालाने पुसलंच. गंध भिंगाच्या कडेत शिरलं आणि चिखल आणखी दाट झाला. फोन घ्यावा, तर त्याचंही कपाळ भरलेलं. शेजारच्या गिरिजक्कांचा लॅपटॉप देवापुढे केळीच्या खुंटांमध्ये बसला होता. तो हलवायचा म्हटल्यावर त्यांनी कानांवर हातच ठेवले.

ठरल्या वेळी जर्मन साहेब पडद्यावर आले. चेहरा दिसल्याशिवाय मुलाखत घेता येत नाही, तसा नियमच आहे, असं त्यांनी थंडपणे सांगितलं. विशालाक्षीला रडू यायचंच बाकी होतं. शेवटी साहेबांनी कंपनीचं बंगळूरचं काम पाहणाऱ्या नागवेणीबाईंना जोडून घेतलं. नियम त्यांनीच केला होता.

बाईंच्या चौकटीतही लाल-पिवळा चिखल होता.

मग चिखलातून कन्नडमध्ये हळूच प्रश्न आला, "तुझ्याकडे कुणी लावलं गं?"

"अप्पांनी, मॅडम. तुमच्याकडे?"

"सासूबाईंनी. इथे शेजारीच बसल्यात."

मग नागवेणीबाईंनी घसा खाकरला आणि साहेबांना इंग्रजीत समजावलं, की माणसाची पारख कामावरून करावी, तोंडावरून नाही. हा नियम आपल्याला फार दिवस खटकत होता, आजपासून तो रद्द. साहेबांनी ते आदराने टिपून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला.

विशालाक्षीला नोकरी मिळाली. रुद्रमुनींना त्यात काडीचंही नवल वाटलं नाही. पूजा केलेलं यंत्र कधी दगा देत नाही, एवढंच ते म्हणाले.