भट्टीतल्या माणसाचा वाटा

रघुनाथ सुर्वे यांनी आयुष्यात घेतलेले बहुतेक निर्णय लहान होते आणि जवळजवळ सगळे चुकले होते. पण मागच्या अंगणातल्या भट्टीत चिकूचा कॉब्लर भाजायचा निर्णय इतका निरुपद्रवी वाटला, की तो घेताना त्यांनी हातातला चहाचा कपही खाली ठेवला नाही.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. सुर्वे सिल्वासाच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. क्वार्टर मिळालं ते फिरंग्यांच्या अमदानीतलं, आणि त्याच्यामागे पाव भाजायची जुनी घुमटाची भट्टी. कित्येक वर्षांत ती पेटली नव्हती. तरी रोज दुपारी चारच्या सुमाराला तिच्या तोंडातून दालचिनीचा वास यायचा. अंगणात लख्ख ऊन, दोरीवर धुणं वाळतंय, कुठे चूल नाही की धूर नाही, आणि वास येतोय. सुर्वे यांच्या पत्नी शोभाताईंनी पहिल्याच आठवड्यात तो टिपला, आणि दापोलीहून आणलेली बॅग काही रिकामी केली नाही. लागेल ती साडी काढायच्या आणि धुऊन परत बॅगेतच ठेवायच्या.

"अहो, तिथं कुणीतरी आहे," त्या म्हणाल्या. "नव्या जागेत शिजलेलं पहिलं अन्न आपल्याकडे जागेवाल्याला देतात. तुम्ही दिलं नाहीत."

"सरकारी क्वार्टरचा जागेवाला म्हणजे सरकार," सुर्वे म्हणाले. (हा विनोद त्यांनी कचेरीतही दोनदा केला होता. दोन्ही वेळा हसायला ते एकटेच होते.)

"मग संक्रांत झाली की मी आणि वैशाली दापोलीला. पोरीला शाळा तिथंही आहे."

शोभाताई नसलेलं घर ही कल्पना सुर्वे यांना कुठल्याही भुताहून भयंकर वाटत होती, पण हे बायकोला सांगायचं कसं, हे त्यांना तेरा वर्षांत जमलं नव्हतं. म्हणून त्यांनी पुरुषाला शोभेल असा मार्ग काढला आणि पैज लावली. नुकताच त्यांनी साहेबांच्या बंगल्यावर कॉब्लर खाल्ला होता: खाली फळं, वर लोणी-मैद्याचे गोळे, आणि सगळीकडे दालचिनी. तोच आपण भर दिवसा त्या भट्टीत भाजायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचा. काही झालं नाही, तर बॅग रिकामी करायची.

"कबूल," शोभाताई म्हणाल्या. "पण मी हात लावणार नाही."

स्वयंपाकघरात सुर्वे यांना कुणाची गरजही नव्हती. राहायला आल्या आल्या त्यांनी प्रत्येक डब्यावर कचेरीतल्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, टाइप केलेल्या, अनुक्रमांकासकट. मैदा, अकरा. साखर, चार. दालचिनी पूड, सतरा. रविवारी दुपारी डहाणूकडचे चिकू चिरून त्यांनी जर्मनच्या थाळीत पसरले, वर सतरा नंबरमधले चार चमचे टाकले आणि भट्टीत लाकडं पेटवली.

शेजारच्या केसरबाई भिंतीवरून बघत होत्या. मूळच्या शिरपूरच्या, त्यांचे मालक जवळच्या सायली गावातल्या फॅक्टरीत कामाला होते.

"भाऊ, नका पेटवू ती भट्टी. फिरंगी सायबाचा खानसामा तिच्यापाशीच गेला म्हणतात. मी कवाची सांगू राहिले ताईंना."

"केसरबाई, हे विज्ञानाचं युग आहे."

"असंल बा. पण त्याचा वाटा ठेवजा."

निखारे बाजूला ओढून सुर्वे यांनी थाळी आत सरकवली आणि तोंडाला पत्रा लावला. चार वाजले. दालचिनीचा वास असा दाटला की धुणंसुद्धा गोड वासाचं झालं. सुर्वे विजयी चेहऱ्याने शोभाताईंकडे पाहून हसले. तेवढ्यात पत्र्याच्या आत कुणीतरी खाकरलं.

लाकूड तडकलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग पत्रा काढला. कॉब्लर छान तांबूस झाला होता, वाफाळत होता, आणि एका कोपऱ्यातून चार बोटांनी ओरपून नेलेला होता.

"हे काय?" शोभाताईंनी विचारलं.

"मी... चव बघितली."

"चटका नाही बसला?"

"बसला ना," म्हणून सुर्वे यांनी धडधाकट बोटं तोंडात घातली. पण कुणाचं उष्टं खायचं त्यांच्या जिवावर आलं. नीट भाजला नाही, असं सांगून त्यांनी तो केळीखाली पुरला आणि पैज पुढच्या रविवारवर ढकलली.

त्या रविवारी मात्र विज्ञानाच्या युगाने आधी ताज्या कॉब्लरने पितळेची वाटी भरली आणि कुणी बघत नाही असं पाहून भट्टीच्या तोंडाशी ठेवली. ("आम्ही नवीन आहोत, सांभाळून घ्या," असंही ते पुटपुटले, कचेरीत वरिष्ठांशी बोलावं तसं.) पाण्याचा तांब्या घेऊन परत येतात तो वाटी उंबऱ्यावर पालथी. लखलखीत. लग्नातली ती काळवंडलेली वाटी इतकी चकाकत होती, की सुर्वे यांना तिच्यात आपला पांढराफटक चेहरा दिसला. तरीही, खोटं कशाला बोला, आत कुठेतरी त्यांना बरं वाटलं. त्यांच्या हातचं इतकं चाटूनपुसून आजवर कुणी खाल्लं नव्हतं.

त्यांनी शोभाताईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी वाटी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"वाटा पोचला. आता आपण खायला हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि पहिला घास त्यांनीच घेतला. मग त्या उठल्या, मोरीवर गेल्या आणि बराच वेळ चुळा भरत राहिल्या. तोंडातून फेस येत होता.

"बाधा झाली," सुर्वे किंचाळले.

"शिकेकाई आहे ती," शोभाताई म्हणाल्या. "कुठला डबा घेतलात?"

"सतरा. दालचिनी पूड. वर लिहिलंय."

"दालचिनी दिवाळीतच संपली. रिकामा डबा होता, मी त्यात शिकेकाई भरली. वास नाही घेऊन बघितलात?"

"सगळीकडे दालचिनीचाच तर वास येत होता."

दोघांनीही एकदम अंगणाकडे पाहिलं. घरात दालचिनीची चिमूटही नव्हती, आणि भट्टीकडून वास येतच होता.

"म्हणजे तो खात नव्हता," शोभाताई हळूच म्हणाल्या. "मागच्या वेळी चाखलं, आणि या वेळी तुमच्या कॉब्लरने त्याने वाटी घासून ठेवली."

संक्रांतीला आता चार दिवस उरले होते. बॅग दाराशी येऊन बसली. सुर्वे यांनी ती एकदा खाटेखाली सरकवून पाहिली, पण संध्याकाळी ती पुन्हा दाराशी होती.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी चारला ते एकटेच भट्टीपाशी गेले. हातात तिळगुळाची वाटी. "बायको चाललीय हो," एवढंच त्यांना म्हणता आलं. वाटी ठेवून ते पाठ फिरवून उभे राहिले. मागे काही सरपटल्यासारखं झालं. मानेवर ऊबदार श्वास आल्यासारखा वाटला. मग सगळं शांत.

वळून पाहिलं तर तिळगूळ संपला होता. वाटीत दालचिनीची एक लांब, ताजी कांडी होती, आणि राखेत बोटाने ओढलेल्या तीन रेघा: चमचे किती घालायचे ते. सुर्वे यांनी चार घातले होते.

ते धावत घरात गेले आणि ती कांडी त्यांनी शोभाताईंपुढे धरली. शोभाताईंनी ती हुंगली, मोडून पाहिली. मग दाराशी ठेवलेली बॅग उचलली, आत नेली आणि एकेक साडी कपाटात लावायला सुरुवात केली.

"राहतेस?" सुर्वे यांनी विचारलं.

"राहते," शोभाताई म्हणाल्या. "या घरात एका तरी पुरुषाला स्वयंपाकातलं कळतं."