गोविंदामामा आणि आमचं छप्पर

१९५६च्या उन्हाळ्यात एका सकाळी गोविंदामामा सिंदेवाहीच्या आमच्या घराच्या छपरातून खाली पडले. खाली पडवीत धान साठवायची बांबूची ढोली होती. तिच्यात ते कमरेपर्यंत रुतले. वडील धावत आले, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "नुकसान काई नाई. धान कोरडा हाये."

वडिलांनी हात धरून ओढलं. ढोली कलंडली आणि दोघांना घेऊन अंगणात गडगडत गेली. शेजारचा बैल बुजला, दावं तोडून आला आणि शेवया वाळत घातलेली बाज शिंगावर घेऊन वेशीकडे पळाला.

"बाज मजबूत हाये," मामा म्हणाले.

मामा आईचे थोरले भाऊ. मामी गेल्यापासून चामोर्शीच्या घरात एकटे होते. दर उन्हाळ्यात ते आमच्या छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला येत. सगळे उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे आणि पावसाआधी पुन्हा रचायचे. जाणता गडी हे काम आठवड्यात उरकतो. मामांना महिना लागे, कारण रचलेल्या भागावरूनच ते चालत.

त्या संध्याकाळी वडील म्हणाले, "भाऊ, पुढच्या साली मी गडी लावतो. तुम्ही नुसते येऊन राहा."

"नुसता? बहिणीच्या घरी बसून खाल्लं तं लोक काय म्हणतीन, जावईबुवा?"

पुढच्या साली गड्याने छप्पर फेरलं. एक कवेलू फुटला नाही. मामा आले नाहीत. चामोर्शीकडची मोटर आली की आई दारात जाऊन उभी राही.

बाजाराला आलेल्या चामोर्शीच्या एका माणसाला तिने विचारलं, "आमचे भाऊ कसे हायेत?"

"गोविंदाभाऊ? आपलंच घर फेरून राह्यले, बाई. फेरून झालं का पुन्हा उतरवते."

वडिलांनी त्या माणसाला ओट्यावर बसवलं, चहा दिला. मग परसात जाऊन लांब बांबू घेतला आणि गोठ्यावरचे कवेलू खाली ढकलायला लागले.

"चांगले होते ना ते," आई म्हणाली.

"वांदरं नाचले म्हणून सांग."

त्याच माणसाजवळ निरोप गेला, की गोठा उघडा पडला आहे, भाऊंना पाठवा.

मामा मिळेल त्या मोटरने आले. पिशवी ओट्यावर ठेवून त्यांनी गोठ्याला एक फेरी मारली.

"वांदरं?"

"वांदरं," वडील म्हणाले.

"लय दिवसाचं काम हाये," म्हणून मामा शिडी शोधायला गेले.

त्या वर्षी ते पोळ्यापर्यंत राहिले.