चौऱ्याऐंशीवं पत्र

नाटकातलं प्रेमपत्र दर प्रयोगाला फाडलं जायचं, म्हणून दर प्रयोगाला ते नव्यानं लिहावं लागे. हे काम हेस्टर ग्रिग्जचं. लंडनच्या स्ट्रँडवरच्या त्या नाट्यगृहात तलवारी, चहाची भांडी आणि प्लास्टरची कोंबडी तीच सांभाळायची. 'माझ्या आकाशातल्या सूर्या, तुझ्यावाचून मी या व्हेनिसमध्ये झुरून मरते आहे' असं तिनं त्र्याऐंशी वेळा लिहिलं होतं. नायक फेअरलीसाहेब पत्र कधी पाठ करत नसत. हातात पडेल ते खणखणीत वाचत, कागदाचं चुंबन घेऊन तो फाडत, की पाच मिनिटांत लग्न ठरून पडदा. नाटकं लिहिणाऱ्यांना बाईचं लग्न म्हणजे पडदा पाडायची दोरी वाटे.

"पण पुढं काय होतं हो?" तिनं मॅनेजर क्रॅडॉकला एकदा विचारलं होतं. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी?"

"तोवर लोक कोट घालून घरी गेलेले असतात. तुम्ही कोंबडीवरची धूळ पुसा."

बुधवारी सकाळी तिला खरीखुरी चिठ्ठी आली. सायलस टबची. टब वरच्या माचीवरून नायक-नायिकेवर दिव्याचा झोत सोडायचा. विधुर, अबोल माणूस. 'माझ्याशी लग्न कराल का? नसेल तर आज संध्याकाळच्या गाडीनं लिव्हरपूलला जातो, तिथं काम मिळतंय.'

हेस्टरला टब आवडायचा. पण हो म्हणण्याआधी तिला ती दुसऱ्या दिवसाची सकाळ मिटवून घ्यायची होती. दुपारच्या खेळाआधी तिनं घाईघाईत दोन पत्रं लिहिली, नाटकाच्याच लिफाफ्यांत घातली, त्याच लाखेनं बंद केली. एक फेअरलीसाहेबांपुढं रंगमंचावर जाणाऱ्या तबकात ठेवलं, दुसरं माचीच्या दोरीला बांधून वर धाडलं.

तिसऱ्या अंकात फेअरलीसाहेबांनी लाख फोडली.

"'मिस्टर टब,'" ते गहिवरून वाचू लागले, "'तुमची आई तुमच्या भावाकडे राहील.'"

विंगेत हेस्टरच्या हातून कोंबडी पडली.

"'मी काम सोडणार नाही. पगार माझ्या हातात राहील. रागात हात उचललात, तर हातोडा माझ्याही पेटीत आहे, हे विसरू नका.'"

त्र्याऐंशी प्रयोगांची सवय. साहेबांनी कागदाचं चुंबन घेतलं आणि तो फाडला.

मग वरच्या स्वस्त बाकांवरून एक बाई ओरडली, "बरोब्बर! सांग मेल्याला!" आणि जो टाळ्यांचा कडकडाट झाला! खाली मखमली खुर्च्यांतल्या बायकाही नवऱ्यांची नजर चुकवून हातमोजे आपटत होत्या.

क्रॅडॉक धावत आला. "सरकारनं मंजूर केलेल्या नाटकाबाहेरचं एक वाक्य गेलं, तरी कुलूप लागेल आपल्याला! कळतंय का, बाई?"

"लागू दे. इथं माझं लग्न चाललंय."

"कोणाशी?"

हेस्टरनं वर पाहिलं. झोत जागचा हलला होता. नायक-नायिका अंधारात मिठी मारून उभे, आणि उजेड भलत्याच खांबावर. म्हणजे सूर्य आणि व्हेनिस टबला गेलं! त्यानं ते खरं मानलं असलं तरी पंचाईत, थट्टा मानली असली तरी पंचाईत.

पडदा पडला. टब शिडीवरून उतरला. काखेत हत्यारांचं गाठोडं होतं.

"सूर्य वाचला," तो म्हणाला. "म्हटलं, बाईचं डोकं फिरलं, नाहीतर आपली मस्करी चाललीय. लगेच हत्यारं बांधली."

"मग?"

"मग खालून तुमचं ऐकलं. आईचं कबूल. पगाराचं कबूल. हातोड्याचंही कबूल." त्यानं मान खाजवली. "एक राहिलं, हेस्टरबाई. सकाळी उठून चूल कोण पेटवणार?"

त्र्याऐंशी प्रयोगांत हा प्रश्न नाटकातल्या नायकाला एकदाही पडला नव्हता.

"एक दिवस तुम्ही, एक दिवस मी," ती म्हणाली. "पहिला दिवस तुमचा."

टबनं गाठोडं खाली ठेवलं.