देवी बंधाऱ्यात बसली

रंभाबाई एसटीच्या पायरीवर उभ्या राहून सूचना देत होत्या आणि हैबतराव खाली उभे राहून "व्हय, व्हय" म्हणत होते. घोटावड्याच्या लेकीच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून रंभाबाई महिना-दीड महिना तिकडे निघाल्या होत्या. म्हशीला पेंड किती घालायची, मांजर माजघरात कसं येऊ द्यायचं नाही, वालाच्या बियाण्याचं काय, देवीचं काय, नंदाकडं काय, असं सगळं त्या सांगत होत्या. हैबतरावांच्या एका कानाला फोन होता आणि दुसरा कान, लग्न झाल्यापासूनच, फारसा वापरात नव्हता.

"ऐकलं न्हवं सगळं?"

"व्हय, व्हय. चल, कंडक्टर खोळंबलाय."

एसटी पौडच्या दिशेने गेली आणि हैबतराव मोकळे झाले.

आता हे देवीचं प्रकरण आधी समजून घ्यायला हवं. माले गावात वाघजाईच्या देवळात नुसता शेंदराचा तांदळा, म्हणजे बिनचेहऱ्याचा दगड आहे. देवीचा पितळी मुखवटा वर्षभर एकेका मानकऱ्याच्या घरी राहतो. मळणी झाली की पहिल्या राशीचं भात एका पोत्यात भरायचं, मुखवटा त्या भातात ठेवायचा, आणि माघी पौर्णिमेच्या जत्रेला बाहेर काढून ओढ्यावर न्हाऊ घालायचा. मग ते भात घरटी मूठमूठ वाटतात, बियाण्यात मिसळायला. यंदाचा मान हैबतरावांचा होता. चुलतभाऊ दादासाहेबांशी चांगली खडाजंगी करून त्यांनी तो मिळवला होता. दादासाहेबांची पाळी पुढच्या वर्षी. आपली काही चूक होते का, यावर ते डोळ्यांत तेल घालून टपलेले आहेत, अशी हैबतरावांची पक्की खात्री होती. त्यामुळे ते सकाळ-संध्याकाळ माजघरातल्या कोपऱ्यातल्या पोत्यापुढे उदबत्ती लावून दंडवत घालत. बायको लेकीकडे गेल्यावरही त्यांनी यात खंड पडू दिला नाही.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कॉलेजच्या पोरांचं श्रमदान शिबिर गावात आलं. ओढ्यावर पोत्यांचा बंधारा घालायचा, पाणी अडवायचं. ही पोरं गेल्या वर्षीही आली होती. बंधाराही झकास झाला होता. पण पोरांची पाठ वळली तसं कुणी गवताची गंजी झाकायला दोन पोती नेली, कुणी मासे धरायला मधला थर उपसला, आणि माघ लागेस्तोवर ओढ्यात दगडगोटे तेवढे उरले. देवीला न्हाऊ घालायला टँकरचं पाणी बादलीतून आणावं लागलं. त्याआधीची कैक वर्षंही हीच गत होती.

यंदा पोती कमी पडली. शिबिराची पुढारी गौतमी नावाची चष्मेवाली मुलगी होती. घमेली उचलून उचलून तिच्या हातांना फोड आले होते, पण तोंडावरचं हसू जात नव्हतं. ती हैबतरावांच्या ओट्यावर येऊन म्हणाली, "काका, रिकामी पोती मिळतील का?"

ओट्यावर चार माणसं बसली होती. हैबतरावांना उदारपणाची उबळ आली. "मिळतील का म्हंजी? घरात हायेत तेवढी न्या. इचारू नगा!"

पोरं आत शिरली आणि पोत्यांचा भारा घेऊन बाहेर आली. गौतमीने एक पोतं उलगडलं. त्यावर हिरवा रंग होता. "काका, यावर तर आमच्याच कॉलेजचं नाव आहे."

"पुरात वाहून आलती," हैबतराव डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले. "म्या आपली जपून ठिवली."

बिचारीला खरंच वाटलं. "किती चांगले आहात हो तुम्ही!" असं म्हणून ती वाकून पाया पडली.

त्याच दिवशी उन्हं कलायच्या आत बंधारा पुरा झाला. हैबतराव घरी आले, हातपाय धुतले, उदबत्ती पेटवली आणि माजघरात गेले. कोपऱ्यात उदबत्तीचं घर तेवढं होतं. पोतं नव्हतं.

हैबतराव जे सुटले ते थेट ओढ्यावर. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात बायकोची.

"काका, थँक्यू हां!" गौतमीने लांबूनच हाक मारली. "एक पोतं तर तुम्ही भरूनच ठेवलं होतंत. आमचे कष्ट वाचले!"

"कुटं... कुटं लावलं ते?"

"खालच्या थरात, पाया पक्का व्हायला."

"नाही गं," तिचा मित्र साहिल म्हणाला, "मी स्वतः मधे ठेवलंय."

"डावीकडं का उजवीकडं?" हैबतरावांनी विचारलं.

यावर दोघांनी दोन दिशांना बोटं दाखवली. हैबतराव मटकन एका दगडावर बसले आणि त्यांनी दबक्या आवाजात गौतमीला सगळं सांगितलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, आपण आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगू या. चूक आमची आहे."

"खबरदार! दादासाहेबाला कळलं तर पुन्यांदा माझ्या घराण्याला मान मिळायचा न्हाई. गुपचूप हुडकायचं. वाघजाई, माफ कर गं बाई!"

सकाळी दोघं-चौघं पोरं घेऊन, पोत्यागणिक 'वाघजाई, माफ कर' पुटपुटत हैबतरावांनी बंधाऱ्याच्या उजव्या अंगाची पोती काढायला सुरुवात केली. चार पोती निघाली आणि पाण्याची चिळकांडी उडाली. तेवढ्यात दादासाहेब दत्त म्हणून हजर.

"काय रं नाना, काल बांधलेलं आज उसकटतुयास?"

"उसकटतुय कशापायी? पाया... पाया रुंद करतुय. ह्यो लई बारका वाटतुया."

दादासाहेबांनी बंधाऱ्याकडे पाहिलं, हैबतरावांकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला. "बेस. म्या ट्रॅक्टरनं मुरूम पाठवतो."

झालं! मुरूम आला, मुरमाबरोबर माणसं आली. आयुष्यात पहिल्यांदा हैबतराव श्रमदान करतायत ही बातमी ऐकून अर्धं गाव बघायला आलं आणि बघता बघता पाट्या उचलू लागलं. संध्याकाळी बंधारा दुप्पट रुंद झाला होता आणि पोतं होतं तिथेच, म्हणजे कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

शिबिर संपलं, पण गौतमी आणि साहिल दर रविवारी मोटारसायकलवरून येत राहिले. आले की "जरा डावी बाजू बघू या" म्हणून काही पोती हलवायची, दादासाहेबांनी कुठूनतरी उगवायचं, आणि हैबतरावांनी काहीतरी थाप मारायची. एकदा म्हणाले, उंची वाढवायचीय. एकदा म्हणाले, कडेला दगड लावायचेत. दर थापेला दादासाहेब म्हणायचे, "बेस," आणि दर वेळी सामान हजर! देवीला शोधायला जावं तर तिच्यावर आणखी एक थर चढे. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, म्हणतात ते हेच.

बरं, शोध लागेना तर निदान राखण तरी करायला हवी. प्रत्यक्ष वाघजाई आत बसलेली! हैबतरावांचा मुक्कामच ओढ्यावर पडला. चंद्राबाईंची म्हैस बंधाऱ्यावर चढली, तर ते एवढ्या जोराने ओरडले की म्हशीऐवजी चंद्राबाईच पाण्यात गेल्या. मासे धरणारी पोरं त्यांना बघून रस्ता बदलू लागली. कैलास हा त्यांचा जुना साथीदार. गेल्या वर्षी दोघांनी मिळूनच पोती "जपून" ठेवली होती. तो सवयीने म्हणाला, "नाना, गंजी झाकायला वरची दोन काढू का?"

"हात तर लावून बघ! हात हाडासकट काढून दीन."

"आरं, तूच म्हनलावतास गेल्या साली..."

"गेल्या सालचं गेल्या साली! चप्पल काढ आधी. चप्पल घालून हुभा हाय बंधाऱ्यावर, लाज न्हाई वाटत?"

कैलास चप्पल हातात घेऊन घरी गेला आणि नानाचं डोकं फिरल्याचं गावभर सांगून आला.

रंभाबाईंचा फोन येई. "समदं ठीक हाय न्हवं? नंदाकडं एकदा डोकावून या की." नंदा म्हणजे दादासाहेबांची बायको. हैबतराव "व्हय, व्हय" म्हणत. ज्या घराचं तोंड बघायची छाती नव्हती, तिथे चहाला कोण जातंय? ते दादासाहेबांच्या गल्लीतूनसुद्धा जाईनात. शेतावर जायलाही लांबचा वळसा घालू लागले.

माघ लागला. ओढा आटला नाही. बंधाऱ्यामागे पाणी डोहासारखं साठून राहिलं. विहिरींना पाझर लागला, पाणकोंबड्या आल्या, बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघायच्या त्या ओढ्यावर धुणं धुताना गप्पा मारू लागल्या. येणारा-जाणारा हैबतरावांना म्हणे, "नाना, तुमच्यामुळं हो!" आणि हैबतराव नजर चुकवून बंधाऱ्याची पोती मोजू लागत. कॉलेजने तर जत्रेच्या दिवशी ओढ्यावरच त्यांना शाल-नारळ द्यायचं ठरवलं. ऐन देवी हरवल्याच्या दिवशी सत्कार!

जत्रेची सकाळ उजाडली. "देवी घरनं आणायची न्हाई, थेट ओढ्यावर बगू," असं काहीबाही सांगून हैबतरावांनी गावाला ओढ्यावर नेलं होतं. ढोल वाजत होता, पोरं शाल घेऊन उभी होती. गौतमी हळूच म्हणाली, "काका, मी सांगते. माझ्यामुळे झालं."

हैबतरावांनी तिच्याकडे पाहिलं. दर रविवारी पहाटे उठून येणारी ही परक्या गावची पोर! तिला ना मान मिळणार, ना भाताची मूठ. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"गप. तू कायबी बोलायचं न्हाईस." ते बंधाऱ्यावर चढले, चपला काढल्या आणि हात जोडले. "गाववाल्यांनू, मला शाल नगं. खरं सांगतो. वाघजाई हितंच हाय. ह्या बंधाऱ्यात! आन् मला काय म्हनायचंय ते म्हंजी..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. "वाघजाईच्या नावानं चांगभलं!" चंद्राबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "काय बोलला माजा नाना! पान्यातच देवी हाय म्हनला!" साहिलने ते सगळं मोबाइलवर घेतलं. हैबतराव "आवो, तसं न्हवं" म्हणून ओरडत होते आणि प्रत्येक ओरडण्याला नवी टाळी पडत होती.

इतक्यात गावाच्या बाजूने दुसरा ढोल आला. पुढे नंदा. तिच्या डोक्यावर पाटी, पाटीत नव्या भातावर झळझळीत पितळी मुखवटा. शेजारी सकाळच्या एसटीने उतरलेल्या रंभाबाई. ढोलांच्या दणदणाटात हैबतराव कसेबसे बायकोपाशी पोचले.

"ही... ही कुटनं आली?"

"कुटनं म्हंजी? तुमी एकलं घरात, दारं सताड उगडी. म्हनून पोत्यासकट नंदाकडं ठिवली. यष्टीत चढताना सांगितलं न्हवतं? व्हय व्हय म्हनला की!"

"मग कोपऱ्यातल्या पोत्यात काय हुतं?"

"राख. वालाच्या बियान्याला लावायला. ओल लागंल म्हनून आत आणून ठिवली."

हैबतरावांना सकाळ-संध्याकाळचे दंडवत एकेक करून आठवले. गौतमीने तोंडावर ओढणी दाबून धरली, पण तिचे खांदे गदगदा हलत होते. आणि दादासाहेब मिशीत हसत शेजारी उभे होते.

"तुला ठावं हुतं?" हैबतराव कळवळून म्हणाले.

"पैल्याच दिशी. 'वाघजाई, माफ कर' म्हनत हुतास पोती काढताना. म्हनलं, देवी माझ्या घरात, आन् ह्यो हितं काय हुडकतुया!"

"मग बोलला का न्हाईस, भल्या मानसा?"

"बोललो असतो तर बंधाऱ्याला हात लावला असतास? उलटी वरची दोन पोती घिऊन गेला असतास घरला."

हैबतराव सगळ्या गावाला खरं सांगायला वळले, तर दादासाहेबांनी त्यांचं कोपर धरलं. "गप ऱ्हा. तिकडं बग." बंधाऱ्यावरून पलीकडे जाणारी माणसं चपला हातात घेऊन चालली होती. सगळ्यात पुढे कैलास होता.

मग ओढ्यात देवीला न्हाऊ घातलं. कैक वर्षांनी वाघजाईच्या तोंडावरून गावचं वाहतं पाणी ओघळलं. हैबतरावांच्या लहानपणी त्यांची आई याच ओढ्यात देवीला न्हाऊ घालायची. त्यांना ते आठवलं आणि डोळे भरून आले. आलेली शाल त्यांनी गौतमीच्या खांद्यावर घातली आणि भाताची पहिली मूठ तिच्या ओंजळीत दिली. "पोरी, तू माझी देवी न्हाई घालवलीस. तू हिचा वढा परत दिलास. लई उपकार झालं तुमा पोरांचं." गौतमीने चष्मा काढून पुसला.

दुपारी पोरांची निघायची वेळ झाली, तेव्हा ती ओट्यावर आली. "काका, पुढच्या वर्षी आम्ही वरच्या अंगाला दुसरा बंधारा घालणार आहोत. पोती मिळतील ना?"

हैबतरावांनी एकदा कैलासकडे पाहिलं, एकदा दादासाहेबांकडे, आणि मान खाली घातली.

"नवीन आणावी लागतील बाय," ते म्हणाले. "यंदा पुरात एकबी वाहून येनार न्हाई."