भिंतीतला हुंकार

सासऱ्यांना जाऊन दीड महिना झाला आणि भर दुपारी त्यांच्या बंद खोलीतून आवाज आला. हुंऽऽऽ. मग दोन ठोके.

"हेच ते," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "जन्मभर हुंकारातच बोलले. एवढा मोठा हुंकार म्हणजे साफ 'नाही'."

खोली नातीला द्यायची, एवढंच सूनबाईंनी सुचवलं होतं. नात सहा वर्षं चपलांच्या रॅकशेजारी झोपत होती.

खाली मुलाचं फुलांचं दुकान होतं. फुलांसाठी त्याने नवी शीतखोली केली होती आणि तिच्या कॉम्प्रेसरचा तांब्याचा पाइप वडिलांच्या खोलीच्या भिंतीवरून गच्चीवर गेला होता. त्याने मिस्तरींना बोलावलं.

"पाइप थरथरतोय. आवळतो की!" असं म्हणून मिस्तरींनी चार लोखंडी पट्ट्या ठोकून पाइप भिंतीला जखडला.

पाइप थांबला. भिंत थरथरू लागली. पलंग कण्हू लागला, आणि खिळ्यावरचा सासऱ्यांचा फोटो केसाकेसाने सरकू लागला.

"अहो, बाबा माझ्याकडे बघतायत," सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"फोटो आहे तो."

"सकाळी खिडकीकडे बघत होते!"

मिस्तरी पुन्हा आले, तेही दारातूनच डोकावले. "चूक माझी. पाइपाला मोकळीक लागते. जखडला की अख्खी भिंत बोलायला लागते." त्यांनी पट्ट्या सैल केल्या, खाली रबर घातलं, मशीनजवळ पाइपाला ऐसपैस वळसा दिला.

मशीन सुरू झालं. सगळ्यांनी भिंतीला कान लावले. चिडीचूप. नात धावत जाऊन उशी घेऊन आली.

सासूबाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या.

"आता काय झालं, आई?"

"चाळीस वर्षांत ते दोनदाच गप्प बसले. पहिल्यांदा सहा महिने. दुसऱ्यांदा माझा भाऊ घरातून गेला, तो अजून आलेला नाही."

नातीने उशी छातीशी धरली. मुलाने मिस्तरींना बाजूला घेतलं. "थोडासा आवाज ठेवता येईल का हो?"

"थोडासा म्हणजे किती?"

"नाराज आहेत, पण अडवत नाहीयेत, इतपत."

मिस्तरींनी आयुष्यात आवाज घालवायचीच कामं केली होती. ते सुस्कारा टाकून पाना शोधू लागले. सासूबाईंनी भिंतीला कान लावला.

"अजून थोडा. अजून... हां, बास! 'करा काय करायचं ते' म्हणतायत. म्हणजे हो!"

नात तोवर पलंगावर आडवीसुद्धा झाली.

"आजी," मिस्तरी पिशवीतून मान वर काढत म्हणाले, "पाना अजून सापडलाच नाहीये."