नियोजित सर

बेलापुरात आमच्या शेजारच्या घरावर एक निळी पाटी आहे : 'ग्रामीण मधुमेह संशोधन केंद्र (नियोजित)'. पेंटरनं कंसातला शब्दच सगळ्यात मोठा काढला, त्यामुळे रस्त्यावरून तेवढाच वाचता येतो. तेव्हापासून दानियल सरांचं नाव गावात 'नियोजित सर' पडलं. परगावची माणसंही एसटीतून उतरून विचारतात, "नियोजित सरांचं घर कुठशी हाय वो?" सरांना त्याचा राग येत नाही. ते म्हणतात, "अनुदान मंजूर झालं की कंस पुसून टाकू."

दानियल साळवे सरांनी उभी हयात हायस्कुलात विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहेत, घरी एकटेच असतात. काटक अंग, पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं, एक लिहायला आणि एक फक्त सहीला. माझं श्रीरामपुरात टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे सरांचा प्रत्येक अर्ज माझ्याच हातून गेला. ते कागद हातानं लिहून आणायचे, मी टाइप करायची, आणि ते शेजारी स्टुलावर बसून स्वल्पविराम तपासायचे.

अर्ज लिहून लिहून त्यांची बोलीही सरकारी झाली होती. आमच्या दारात येऊन म्हणायचे, "सुनंदाताई, कढीपत्त्याची मागणी आहे. चार काड्या. प्रकरण तातडीचं आहे." माझ्या सासूबाई चुलीपाशी हसत सुटायच्या. "द्या गं बाई, न्हाईतर वरच्या हापिसात जातील!"

अर्जातल्या रकान्यांना मात्र सर भलतेच प्रामाणिक होते. 'उपलब्ध मनुष्यबळ' : एक, स्वतः. 'उपलब्ध यंत्रसामग्री' : साखर तपासायचं छोटं यंत्र एक, वजनकाटा एक, तो दोन किलो जास्त दाखवतो.

"सर, काट्याचं कशाला लिहायचं?" मी एकदा विचारलं.

"ताई, संशोधन आहे. दोन किलो लपवले तर पुढं काय काय लपवू?"

आरोग्य खात्याकडून काही येईना, तेव्हा त्यांनी कृषी खात्याला लिहिलं, मग समाजकल्याणला. शेवटी मत्स्यव्यवसायालाही. तिथून उत्तर आलं, 'आपल्या प्रस्तावात तळ्याचा उल्लेख आढळून येत नाही.' ते पत्र घेऊन सर धावतपळत दुकानात आले. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं अनुदानच मिळालं.

"ताई, वाचला त्यांनी! सबंध वाचला! त्याशिवाय तळं नाही हे कळलं कसं?"

त्यांचा मूळ प्रश्न साधाच होता. दिवसभर उसात राबणारा, अंगावर मूठभर मांस नसलेला माणूस, त्याला साखर का व्हावी? ती तर बसून खाणाऱ्यांना होते म्हणतात. हा प्रश्न घेऊन सर सायकलवर वस्त्यावस्त्यांवर जायचे, माणसांची बोटं टोचायचे, काय खाता, कधी खाता, लहानपणी पोटभर मिळायचं का, सगळं वहीत उतरवायचे. एकानं सांगितलं, "सर, आपल्याकडं कारखाने लई. हवेतच साखर हाय." सरांनी तेही लिहून घेतलं. पुढं 'तपासणे' असा शेरा मारला.

आणि एके दिवशी खरंच पत्र आलं. जिल्ह्याहून अधिकारी स्थळपाहणीला येणार होत्या.

सरांनी दोन खोल्यांना चुना दिला. एका दारावर 'प्रयोगशाळा' लिहिलं, दुसऱ्यावर 'ग्रंथालय'. ग्रंथालयात त्यांची शाळेची पुस्तकं होती, आणि तिथंच त्यांची खाट. ती लपवायला मी माझी नवी चादर दिली.

अधिकारी म्हणजे तिशीतल्या डॉक्टरबाई. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत बघून निघून जातील. पण त्या चटईवर बसल्या आणि सरांच्या वह्या एकेक करून चाळायला लागल्या. मी चहा आणला, तो तसाच निवला.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमचा प्रश्न अगदी खरा आहे. मोठ्या मोठ्या ठिकाणी लोक याच्यावर काम करतायत. पण केंद्राला डॉक्टर लागतात, प्रयोगशाळा लागते, कितीतरी परवानग्या लागतात. हे मंजूर होणार नाही. तुम्हाला खोटी आशा दाखवून जाणं मला बरं वाटत नाही."

सरांनी मान हलवली, जणू विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आलं होतं.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "'प्रकल्पाची गरज' या रकान्यात तुम्ही चार पानं लिहिलीत. पण तुम्हाला स्वतःला हे का हवंय, ते कुठंच नाही."

सरांनी खिशातलं पेन काढलं, उघडलं, परत मिटलं.

"रूथ उशाशी तांब्या घेऊन झोपायची," ते म्हणाले. रूथताई म्हणजे त्यांच्या पत्नी, जाऊन बरीच वर्षं झाली. "सकाळी तांब्या रिकामा असायचा. मी म्हणायचो, उन्हाळा आहे. मग पावसाळ्यातही रिकामाच. मी तो भरून ठेवायचो आणि शाळेत जाऊन मुलांना स्वादुपिंड शिकवायचो. लक्षणं फळ्यावर लिहून द्यायचो. पहिलंच लक्षण, फार तहान लागणे." त्यांनी पेन खिशाला लावलं. "पुढं तिच्या पायात चपलेचा खिळा रुतला. आठ दिवस तशीच चालली. तिला दुखलंच नाही. आणि मी काही बघितलं नाही. आधी पाय गेला, मग ती."

एवढी वर्षं मी त्यांची शेजारीण. रूथताई साखरेनं गेल्या, एवढंच मला ठाऊक होतं.

डॉक्टरबाई उठल्या तेव्हा त्यांनी वह्यांची प्रत मागितली. नुसतं बरं वाटावं म्हणून नाही, खरोखरच. मी पुढचे दोन दिवस झेरॉक्स काढत होते. त्या दिवशी जाताना त्या म्हणाल्या, "गावच्या सरकारी दवाखान्यात गुरुवारी साखरेचे पेशंट येतात. औषध घेतात आणि जातात, त्यांचे पाय कोणी बघत नाही. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलते. तुम्ही जाल का बघायला?"

नामंजुरीचं पत्र महिन्याभरात आलं. सरांनी ते नीट घडी करून ठेवून दिलं. दुसरा अर्ज काही माझ्याकडं टाइपिंगला आला नाही.

परवाच्या गुरुवारी सासूबाईंना घेऊन मी दवाखान्यात गेले. ओट्यावर सर खालीच बसले होते, पुढ्यात कोमट पाण्याचं घमेलं, खांद्यावर पंचा. समोर बाकावर वस्तीवरची पारूबाई. पाय भेगाळलेले, उसाच्या पाचटानं ओरखडलेले. सरांनी हात पुढं केला तशी तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"न्हाई सर, तुमी गुर्जी मानूस. माज्या पोराला शिकीवलंय तुमी. पायाला हात लावू नगा. मला लाज वाटती."

सरांनी घमेल्यात हात घालून पाणी कोमट आहे ना ते पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "आमच्या घरातले बघायचे राहून गेले. तुमचे बघू द्या."

पारूबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. आणि लुगडं थोडं वर सारून एकेक करून दोन्ही पाय पाण्यात ठेवले.