सरड्याखालची मॅट

चार फुटी सरड्याच्या पिंजऱ्यात खाली काय अंथरावं, या प्रश्नानं ताडकळसच्या शिवकांतची झोप उडवली होती. सरडा म्हणजे कुंपणावरचा नव्हे. इग्वाना, हौसेनं पुण्याहून आणलेला. मागच्या खोलीत त्याच्यासाठी कपाटाएवढा जाळीचा पिंजरा उभा होता. आधी शिवकांतनं वाळू टाकली, तर ती सरड्यानं मेथीच्या पाल्याबरोबर गिळली. जनावरांचे डॉक्टर ओरडले, "पोट गच्च होऊन मरंल!" मग काळी माती टाकली. ती ओली झाली की सरड्याच्या पोटाला चिकटायची, वाळली की भेगाळायची. रद्दी त्यानं नखांनी फाडून टाकली आणि नुसत्या फरशीवर बिचारा घसरायला लागला.

शिवकांतचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. शेवटी त्यानं गोदामातली, स्टेजवर अंथरायची गवतासारखी हिरवी मॅट पिंजऱ्यात टाकली. सरडा तिच्यावर असा ऐसपैस पसरला, जसा सासुरवाडीला आलेला जावई.

"अवो, ती मॅट परत गोदामात नेऊ नका बरं," बायको महेश्वरी म्हणाली. "त्याचं समदं त्याच्यावरच चालू हाय."

"मी काय येडा हाय का?"

वेडा तो नव्हता, पण घाईत होता. महेश्वरीच्या धाकट्या बहिणीचा, सृष्टीचा साखरपुडा बोरीला ठरला. डेकोरेशन अर्थात जावयाचं. ऐन निघताना एक मॅट कमी पडली. पिंजऱ्यातली धुऊन भिंतीवर टाकलेली होती, उन्हात कडक वाळलेली. त्यानं ती हुंगली. काही कळलं नाही. एका दिवसाचा तर प्रश्न, म्हणत त्यानं ती गुंडाळली आणि गुपचूप टेम्पोत टाकली.

बोरीच्या सभागृहात पाहुणे बसले आणि कूलर सुरू झाले. कूलरच्या ओल्या हवेनं मॅट दमट झाली आणि सरड्याचा सगळा मुक्काम तिच्यातून पुन्हा जिवंत झाला.

आधी बायकांचे पदर नाकाला गेले. मग पुरुषांचे रुमाल.

"मठ्ठा नासलाय वाटतं," नवरदेवाकडचं कोणीतरी म्हणालं.

शिवकांतचे सासरे रामलिंगअप्पा धावत आचाऱ्याकडे गेले. आचारी पळी आपटून म्हणाला, "माझा मठ्ठा नासला आसंल तर मी आत्ता चाललो!" सासूबाई भागम्मा हात जोडून त्याला आडव्या झाल्या. इकडे नवरदेवाची आई तोंड वाकडं करून उठायच्या बेतात. सृष्टीच्या डोळ्यांत पाणी. शिवकांत खांबाला टेकून उभा होता. मॅटचा नखांनी उसवलेला कोपरा त्यानं केव्हाच ओळखला होता. आत्ता सांगावं, म्हणून तोंड उघडलं, पण त्यावर रुमाल धरून पुन्हा मिटलं.

त्या कोपऱ्याच्या अगदी शेजारी नवरदेवाचे चुलते माणिकअप्पा बसले होते. घराण्यातलं वजनदार माणूस. आजूबाजूची माणसं सरकत सरकत लांब गेली आणि माणिकअप्पा बेटासारखे एकटे उरले. त्यांनी सभोवार पाहिलं, सावकाश उठले आणि हात जोडले.

"माफ करा मंडळी. सकाळपासून माझंच पोट बिघडलंय."

माणिकअप्पा शांतपणे बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. वास मात्र आतच राहिला.

"अप्पा गेले, पण मागं ठिवून गेले," एक म्हातारी कुजबुजली.

शिवकांतला ते ऐकवेना. पाण्याचा तांब्या घेऊन तो लिंबाखाली गेला आणि खाली मान घालून सगळं ओकला. सरडा, वाळू, माती, मॅट.

"मला ठावं हाय ते माझं न्हाई," माणिकअप्पा म्हणाले. "माझं पोट चांगलं हाय. पण तुमचे सासरे पार रडकुंडीला आलते, ती पोरगी रडायलती. मला या वयात कोन काय म्हनतंय?"

कोणी रागावलं असतं तर शिवकांतला सोसलं असतं. हे सोसेना. तो तरातरा आत गेला, स्टेजवर चढला आणि माईक हातात घेतला.

"अप्पांचा काही दोष न्हाई! ही मॅट माझी हाय. माझ्या घरी चार फुटाचा सरडा हाय, तो हिच्यावर... म्हंजे हिच्यावरच राहतो. घाण त्याची हाय, चूक माझी हाय."

मग नवरदेवाच्या आईनं डोळ्यांना पदर लावला.

"बघा, केवढं मन! आमच्या भावजींची लाज झाकायला चार फुटाचा सरडा काढला यांनी!"

"न्हाई हो, खरंच—"

"बस करा, शिवकांतराव," रामलिंगअप्पांनी त्याच्या हातातला माईक काढून घेतला. "जावई आसावा तर असा!"

टाळ्या पडल्या. कोणीतरी शाल आणली. शाल खांद्यावर पडताना शिवकांतनं बायकांच्या रांगेत पाहिलं. महेश्वरी त्याच्याकडे नाही, मॅटकडे बघत होती. त्याला वाटलं, याच मॅटमध्ये आपल्याला गुंडाळून कोणीतरी टेम्पोत टाकावं.

महेश्वरीनं मॅट गुपचूप बाहेर नेली, कोणीतरी खिडक्या उघडल्या, साखरपुडा झाला. तेवढ्या वेळात माणिकअप्पांना आत आणून चौघींनी ओवा चारला होता, एकीनं पोटाला हिंग लावला होता आणि नवरदेव त्यांना परभणीच्या दवाखान्यात न्यायला गाडी काढत होता.

शिवकांत शालीसकट पुन्हा माईककडे निघाला. माणिकअप्पांनी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"बसा गप, जावईबापू," ते ओवा चघळत हळूच म्हणाले. "आनिक एकदा खरं बोललात, तर हे लोक माझं आपरेशन करतील."